फी जूनमध्ये, पैसा मार्चमध्ये

(पाचगणी इथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे 'मर्यादित उत्पन्नात पूर्णवेळ शिक्षण : खर्चाचं नियोजन' असा विषय छापलाय. वाचून मला जरा हसू आलं. ज्या मुलींबद्दल मी बोलणार आहे त्यांना काटकसर शिकवायला जाणं म्हणजे सुगरणीला मीठ किती घालायचं ते सांगण्यासारखं आहे. दहा रुपयांत दोन दिवस कसे काढायचे हे त्या तुम्हाला-मला शिकवतील. तेव्हा 'बाहेरचा चहा सोडा, नवे कपडे घेऊ नका' असले उपदेश मी करणार नाही. त्या चहा कधी पीतच नव्हत्या.

मी सत्तावीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात काम केलं. फीची खिडकी असते ना, तिच्या आतल्या बाजूला माझी खुर्ची. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण खिडकी सगळीकडे सारखीच असते. जूनमध्ये मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि ज्या नोटा पुढे करायच्या त्यांना कधी हिंगाचा वास, कधी हळदीचा. आईने डाळीच्या नाहीतर मसाल्याच्या डब्यात लपवून ठेवलेले पैसे ते. नवऱ्याच्या, दिराच्या, कधी मुलाच्याही नजरेपासून लपवलेले. शंभराच्या चार नोटा आणि बाकी सगळ्या दहा-वीसच्या. मोजायला वेळ लागायचा आणि मागच्या रांगेतली पोरं कुजबुजायची. ती मुलगी मान खाली घालून उभी राहायची.

त्या खिडकीतून मला एक गोष्ट दिसली, ती आज सांगायची आहे. गरीब घरातली मुलगी कॉलेज सोडते तेव्हा आपण म्हणतो, लग्न ठरलं, नापास झाली, घरच्यांनी काढून घेतलं. हे सगळं असतंच. पण यातलं बरंचसं नंतर घडतं. आधी घडतं ते असं : परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख येते, हातात हजार-दीड हजार कमी असतात, तारीख टळते, विलंब शुल्क लागतं, ती दोन दिवस येत नाही, मग आठवडा, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, 'नाहीतरी जात नाहीसच, तर आता बघायला सुरुवात करू.' एका आयुष्याची दिशा बदलायला हजार-दीड हजाराची तूट पुरते. आणि पुष्कळदा तोच पैसा तीन महिन्यांनी घरात आलेला असतो.

आता आपण बसलो आहोत ते गाव बघा. पाचगणीची ओळख काय? टेबल लँड, थंड हवा आणि निवासी शाळा. इंग्रजांच्या काळापासूनच्या शाळा इथे आहेत. देशभरातून, परदेशातून मुलं येतात, वर्षाची फी लाखांत असते. त्या शाळांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, लहान मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका इथल्याच. त्यांच्या मुली बारावीनंतर कुठे जातात? पसरणीचा घाट उतरून वाईला किसन वीर महाविद्यालयात, नाहीतर साताऱ्याला. सकाळची एसटी चुकली की पहिले दोन तास गेले. पावसाळ्यात घाटात दरड आली की दिवस गेला.

आणि या डोंगरावर पैसा कधी येतो ते आठवा. स्ट्रॉबेरीची लावण पाऊस ओसरल्यावर होते. फळ तोडायला लागतं ते थंडीत, आणि तोडणी, निवडणं, डब्यात भरणं हे काम उन्हाळ्यापर्यंत चालतं. हॉटेलं भरतात दिवाळीत, नाताळात आणि एप्रिल-मे महिन्यांत. जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की मळ्यात काम नाही, शनिवार-रविवार सोडला तर गिऱ्हाईक नाही. टपरीवाला ताडपत्री बांधून घरी बसतो. म्हणजे घरात चार पैसे असतात ते डिसेंबर ते मे. आणि फी, पुस्तकं, खोलीची अनामत, मेसची उचल, एसटीचा पास, ड्रेस, रेनकोट हे सगळं कधी? जून-जुलैत. डोंगराचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष एकमेकांकडे पाठ करून बसलेत.

बरं, हंगामात मुलीनेही कमवावं म्हटलं तर थंडीतली तोडणी पहाटेची. एप्रिल-मेमध्ये हॉटेलात काम मिळतं, तेव्हा बहुतेक वेळा सत्राची परीक्षा समोर. जेव्हा कमाई आहे तेव्हा अभ्यास, आणि जेव्हा फी भरायची तेव्हा पाऊस.

आपल्या आज्या या पावसाला कशा तोंड देत होत्या? आगोटीची बेगमी करून. मे महिन्यात मीठ, मिरची, डाळ, सुकी लाकडं, गोवऱ्या सगळं आत. त्यांना कुणी अंदाजपत्रक शिकवलं नव्हतं. चार महिने काय लागेल, किती माणसं, पाहुणा आला तर किती, सगळं डोक्यात. माझं म्हणणं इतकंच की मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्या बेगमीत घाला. जून उजाडल्यावर 'आता बघू कुठून आणायचे' असं नको. जानेवारीत पहिल्या तोडणीचे पैसे आले की त्यातला एक हिस्सा वेगळ्या पिशवीत, नाहीतर मुलीच्या खात्यावर. महिन्याच्या हिशेबाची पुस्तकं ज्यांचा पगार एक तारखेला येतो त्यांच्यासाठी लिहिलेली असतात. आपल्या घरात पगार नाही, हंगाम आहे. म्हणून अंदाजपत्रक महिन्याचं न करता वर्षाचं करायचं, आणि त्यात रकमेच्या आधी तारीख लिहायची.

आता त्या वहीबद्दल. गेली काही वर्षं मी मुलींना एक वही ठेवायला सांगते. साधी, शंभर पानी. डाव्या पानावर पैसा, उजव्या पानावर वेळ. वेळ का, ते नंतर सांगते.

डाव्या पानावर पहिली ओळ जेवणाची. हे मी हट्टाने सांगते. कारण पुष्कळ वह्या पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मुली जेवणाची ओळ शेवटी लिहितात. आधी फी, मग खोलीभाडं, मग प्रवास, मग झेरॉक्स, जर्नल, सबमिशन, आणि जे उरेल ते पोटाला. एका मुलीच्या वहीत 'खाडा' हा शब्द महिन्यात अकरा वेळा होता. मेसमधे आगाऊ सांगून जेवलं नाही की खाड्याचे पैसे वजा होतात, हे तुम्हाला माहीत आहे. ती साताऱ्याला कॉट बेसिसवर राहायची. मला वाटलं, गावी जात असेल. तर नाही. खाड्याच्या पैशातून ती टायपिंगची फी भरत होती. हिशेब चोख, एका रुपयाचा घोळ नाही. पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं नियोजन. आणि मुलगी दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकून बसायची. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे हे सरकारी पाहणीच सांगते. ते रक्त जातं कुठे, त्यातली एक वाट या वहीतून जाते.

पॅडचा खर्चही मुली 'इतर' या ओळीत दडवतात. तो नावाने लिहा. २०१८ च्या जुलैत पॅडवरचा कर उठला तो देशभरच्या बायकांनी आरडाओरडा केला म्हणून. तुम्ही आपल्याच वहीत तो शब्द लिहायला लाजलात तर कसं व्हायचं?

प्रवासाची ओळ जरा नीट करा, कारण तिथे खरंच पैसे वाचतात आणि पोट मारावं लागत नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे काही मुली पास काढायचा कंटाळा करतात. पण विद्यार्थ्यांच्या मासिक पासात सवलत जवळजवळ दोन तृतीयांश आहे. रोज जाणारीला पासच स्वस्त. तो वेळेवर काढायचा, म्हणजे बोनाफाईड वेळेवर हवं, म्हणजे प्रवेश वेळेवर हवा. बघा, पुन्हा तारीखच. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यात एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जीव दिला. बसच्या पासापुरतेही पैसे घरात नव्हते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास जाहीर झाले. पासाची किंमत ती काय असते हो! ती नोंद कुठल्यातरी वहीत आधी झाली असती, कुणीतरी पाहिली असती तर, असं मला अजून वाटतं.

आता उजवं पान, वेळेचं. पूर्णवेळ शिकणारी मुलगी म्हणतो आपण, पण पूर्ण वेळ तिला कोण देतं? सकाळी पाणी भरणं, डबे करणं, संध्याकाळी भाकऱ्या, रविवारी कपडे, मावशीकडचं लग्न, वहिनीचं बाळंतपण. एका घरात बहीण-भाऊ दोघंही शिकत होते. मी दोघांना पंधरा दिवस वही लिहायला लावली. पैशाच्या पानावर भावाचा खर्च जास्त होता, त्यात नवल नाही. मोटारसायकलचा हप्ता आणि पेट्रोल. पण खरी गंमत वेळेच्या पानावर. बहिणीचे रोजचे साडेतीन तास घरकामात, भावाचा अर्धा तास, आणि तोही गिरणीत दळण नेऊन आणण्याचा. आईने ती दोन पानं शेजारी ठेवून पाहिली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊ स्वतःचा डबा धुतो, एवढाच फरक पडला. मी यालाही फरक म्हणते. हिशेब मांडला की भांडायला कागद मिळतो.

इथे मला सातारचीच एक जुनी गोष्ट सांगायला हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. 'कमवा आणि शिका' हे त्या संस्थेचं सूत्र, आणि आज राज्यातली विद्यापीठं याच नावाने योजना चालवतात. ते सगळं मोठंच काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वसतिगृहाचा हिशेब जुळायचा कसा? धान्य संपलं की लक्ष्मीबाई, म्हणजे भाऊरावांच्या पत्नी, अंगावरचा एक दागिना काढून द्यायच्या. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. सातारा जिल्ह्यात ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, त्याग म्हणून सांगतात, डोळ्यात पाणी येतं. मी खिडकीच्या आत बसणारी बाई, मला ती जमाखर्चाची नोंद वाटते. जमेच्या बाजूला एका बाईचं सोनं आहे, आणि ते कुठल्याही वार्षिक अहवालात देणगी म्हणून छापलं गेलं नसणार. आजही शिकणाऱ्या मुलीची तूट तशीच भरून निघते. आईची बांगडी, आईचं रात्रीचं जेवण, मुलीचा खाडा. स्वावलंबन म्हणतो आपण त्याला. मला तो शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

मग सरकार काय करतं? करतं, नाही असं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. चांगली गोष्ट आहे, गावोगाव सांगा. पण खोली, मेस, एसटी, पुस्तकं यात नाहीत. भाकरी माफ होत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना. ती २०१६-१७ मध्ये सुरू झाली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांना वर्षाला ४३ हजार धरले होते : जेवणाला २५ हजार, राहायला १२ हजार, बाकी निर्वाहाला ६ हजार. दहा महिन्यांनी भागा. जेवणाला महिना अडीच हजार, दिवसाला त्र्याऐंशी रुपये. यात भागतं का? खाडे करून भागतं. आणि हे पैसे जूनमध्ये मिळत नाहीत. अर्ज, छाननी, हजेरीचा दाखला, मग हप्ता. कधी मार्च उजाडतो, कधी पुढचं वर्ष लागतं. तोवर घरमालक थांबत नाही.

दोन गोष्टी पाठ करून जा, कारण खिडकीच्या बाहेर उभी असलेली मुलगी त्या बोलत नाही. एक : शिष्यवृत्तीला पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळीच सगळी फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. दुसरी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत. 'पैसे भरा मग दाखला देतो' असं कुणी म्हणालं तर एक कार्यकर्ती तिच्याबरोबर जाऊन उभी राहिली पाहिजे. भांडू नका, नुसतं लेखी मागा. लेखी मागितलं की आतला माणूस साहेबांकडे जातो. मी आत होते, मला माहीत आहे.

आणि एक तिसरी, अगदी बारीक वाटेल. शिष्यवृत्तीचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यावर येतो. ते खातं मुलीचं असतं, पण मोबाईल नंबर कुणाचा असतो? वडिलांचा, नाहीतर भावाचा. पैसे आल्याचा निरोप त्याला, ओटीपी त्याला. एका मुलीला आपली शिष्यवृत्ती जमा झाल्याचं चार महिन्यांनी कळलं, तोवर ती घराच्या पत्र्यांना लागली होती. पावसाच्या आधी पत्रे बदलायलाच हवे होते, वडील काही दुष्ट नव्हते. पण निदान विचारलं तर असतं. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं : खात्याला नंबर माझा आहे का? नसेल तर बँकेत जाऊन आधी तो बदला. उत्पन्नाचा दाखला, जातीची पडताळणी, नॉन क्रिमी लेयर हे सेतू केंद्रातले कागद मे महिन्यात करून ठेवा. जूनमध्ये तिथे मुंगीला शिरायला जागा नसते.

आता आपल्यावर येते. आपल्यापैकी बहुतेक जणी बचत गटांत आहेत. गटात पैसा असतो, फिरता असतो, आणि पावसाळ्यात तो पुष्कळदा पडून असतो, कारण तेव्हा धंद्यासाठी कर्ज मागणारं कमी. म्हणजे मुलीला पैसा हवा तेव्हा गटाकडे आहे, आणि मुलीला तो मिळेल मार्चमध्ये, तेव्हा हंगाम जोरात असतो. दोन्ही वर्षं जोडणारा सांधा आपल्या पेटीत आहे. तरी आपण काय करतो? मी एका गटाच्या बैठकीला होते. कुठला ते जाऊ द्या. एकीने मुलीच्या लग्नाला चाळीस हजार मागितले, पाच मिनिटांत मंजूर. दुसरीने मुलीच्या मेसला तीन हजार मागितले, त्यावर दीड तास चर्चा. फेडणार कशी? शिकून काय करणार? लग्न झालं तर पैसे कुणाकडे मागायचे? लग्नाचं कर्ज कशातून फिटणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

व्याजाचंही बोलू. गटात सहसा शेकडा दोन चालतं. तीन हजाराला नऊ महिन्यांचे पाचशे चाळीस होतात. मुलीच्या दृष्टीने ते सहा-सात दिवसांचं जेवण आहे. माझं मत, शिकणाऱ्या मुलीला शेकडा अर्धा लावा, अगदीच बिनव्याजी नको. बिनव्याजी दिलं की ते उपकार होतात, आणि उपकाराची परतफेड बायकांना आयुष्यभर करावी लागते. काही जणींना हे पटणार नाही, तर चर्चेत बोला. पण कर्ज मुलीच्या नावावर, सही तिची, आई जामीन. फेड शिष्यवृत्ती आल्यावर, आणि शिष्यवृत्ती लांबली तर मुदत आपोआप लांबेल, हे ठरावातच लिहून ठेवायचं. जिला शिष्यवृत्तीच नाही तिच्यासाठी फेड हंगामात, डिसेंबर ते मे. परीक्षेच्या महिन्यात हप्ता नको.

'बुडालं तर?' हा प्रश्न येणारच. काही बुडतील. शेळीचं कर्ज घेऊन शेळी मेली तेव्हाही बुडालं होतं. तेव्हा आपण त्या बाईला गटातून काढलं का? नाही. तिला पुन्हा शेळी दिली.

लगेच एवढं जमत नसेल तर निदान परीक्षेच्या फॉर्मपुरती एक पेटी ठेवा. पंधरा-वीस हजार पुरतात. ऑक्टोबर आणि मार्च, दोन तारखा. फॉर्मची शेवटची तारीख काय आहे ते कॉलेजच्या फलकावर लागतं. ते वाचायला एका कार्यकर्तीची जबाबदारी ठरवून द्या, मुलगी येऊन मागेल याची वाट बघू नका. ती मागत नाही. ती नुसती यायची बंद होते.

मागच्या टेबलावर नमुन्याच्या वह्या ठेवल्या आहेत, डावं-उजवं पान आखलेल्या. मागच्या पानावर कागदपत्रांची यादी आणि जून ते मे अशा बारा ओळी आहेत. त्या ओळी मी मुद्दाम कोऱ्या ठेवल्यात, कारण भिलारच्या मळ्यातला हंगाम आणि खाली वाईतला हंगाम एक नाही, प्रत्येक गटाने आपापला भरायचा. उद्या सकाळच्या सत्रात गटागटाने बसून तेच करू. ज्यांच्या गटाची पासबुकं आणि ठरावाची वही बरोबर आहे त्यांनी ती घेऊन या, म्हणजे पावसाळ्यात गेल्या वर्षी किती पैसा पडून होता तो आकडा आपल्यासमोर असेल.

आता प्रश्न विचारा. वाईकडच्या बायकांना आधी विचारू द्या, त्यांची गाडी साडेपाचची आहे.